लिटनमध्ये आधी गाव उभं करा, घरं येतील: ब्रिटिश कोलंबियाच्या मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री,
आपत्ती व्यवस्थापन आणि हवामान सज्जता खाते,
ब्रिटिश कोलंबिया, कॅनडा

सादर नमस्कार.

हे पत्र २०२१च्या आगीत जळून गेलेल्या लिटन गावाबद्दल आहे. त्याची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवते आहे. मराठीत लिहिते आहे ते सरी, बर्नाबी, व्हँकुव्हरमधल्या माझ्या मराठी मंडळींसाठी. सुट्टीत ही मंडळी गाडी घेऊन फ्रेझरच्या दरीतून वर येतात आणि लिटनच्या फाट्यावर न थांबता पुढे जातात. त्या फाट्याच्या आत काय होतं आणि काय परत यायला हवं, हे त्यांनाही कळावं आणि त्यांनीही आपल्याला विचारावं, एवढाच हेतू.

मला जे मागायचं आहे ते आधीच सांगते. लिटन हे हद्दीच्या आतल्या अडीचशे माणसांपुरतं गाव कधीच नव्हतं. आजूबाजूच्या सगळ्या वस्त्यांचं ते बाजाराचं, दवाखान्याचं, पोस्टाचं, भेटीगाठींचं ठिकाण होतं. म्हणून तिथे आधी या सगळ्यांच्या सामायिक गोष्टी उभ्या करा आणि त्या चालवण्याचा खर्च सरकारने उचला. माणसं घर बांधायला त्यानंतर परत येतील.

मी कॅमलूप्समध्ये औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. लिटनशी माझी ओळख त्या काउंटरवर झाली.

२०२१च्या जूनअखेरीस आमच्या प्रांतावर उष्णतेचा घुमट बसला होता, म्हणजे गरम हवा झाकणाखाली अडकावी तशी कोंडून राहिली होती. लिटनमध्ये २७ जूनला ४६.६ अंश, २८ला ४७.९ आणि २९ जूनला ४९.६ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. त्याआधीचा कॅनडाचा उच्चांक ४५ अंशांचा होता आणि तो सस्कॅचेवानमध्ये १९३७ सालापासून टिकून होता. लिटनने तो तीन दिवसांत तीनदा मोडला. लिटन पन्नासाव्या अक्षांशाच्याही उत्तरेला आहे. नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला मेमध्येही न दिसणारा आकडा तिथल्या माणसांनी पाहिला. त्या आठवड्यात प्रांतभर ६१९ माणसं उष्म्याने दगावल्याचं मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनर खात्याने नोंदवलं आहे. ३० जूनच्या संध्याकाळी लिटनला आग लागली. वाऱ्याने ती इतकी वेगात पसरवली की लोकांना काही मिनिटांत, हाताला लागेल ते घेऊन निघावं लागलं. गावाचा सुमारे ९० टक्के भाग जळाला. दोघांचा जीव गेला.

माणसं लिलूएट, मेरिट, कॅमलूप्स, चिलिवॅक अशी वाट मिळेल तिकडे पांगली. आमच्याकडे आली ती रिकाम्या हाताने. रक्तदाबाच्या, साखरेच्या, थायरॉईडच्या गोळ्या घरात जळालेल्या, चिठ्ठी जळालेली, आणि गोळीचं नाव पुष्कळांना आठवत नव्हतं. तरी आम्ही औषधं देऊ शकलो, कारण आपल्या प्रांतात फार्मानेट आहे. कोणत्याही गावातल्या दुकानातून दिलेल्या औषधाची नोंद प्रांताच्या सामायिक यंत्रणेत असते. लिटनचं औषधाचं दुकान जळालं, पण तिथल्या माणसाची गोळी, तिची मात्रा, शेवटचं औषध कधी नेलं ती तारीख, सगळं माझ्या पडद्यावर होतं.

गावाच्या बाबतीत असं झालं नाही. ग्रामपालिकेचं कार्यालय जळालं, त्यातले कागद जळाले, आणि संगणकातल्या नोंदींची राखीव प्रतही त्याच आगीत गेली. गावाचे नियम, हिशेब, ठराव, सगळं गेलं. ज्या गावाला उद्यापासून नवीन नळ, नवीन रस्ते, नवीन बांधकाम परवाने उभे करायचे होते, त्याला आधी स्वतःचे नियम शोधून काढावे लागले. कागद नसलेल्या पालिकेला अनुदानाचा अर्जसुद्धा धड भरता येत नाही. लिटनची पुनर्बांधणी इतकी का रखडली, याची जी कारणं सांगितली जातात त्यांत विषारी राख येते, विमा येतो, नोव्हेंबर २०२१च्या पुराने वाहून गेलेले रस्ते येतात. ती सगळी खरी आहेत. पण कार्यालयातल्या त्या राखीव प्रतीचा उल्लेख फार कमी होतो आणि मला तो सगळ्यात जास्त टोचतो, कारण तिचा नाश टळण्यासारखा होता. दोनशे-अडीचशे वस्तीच्या पालिकेने दूरच्या शहरात स्वतःची सुरक्षित नोंद ठेवावी अशी अपेक्षा करणं बरोबर नाही. प्रत्येक रुग्णाची गोळी प्रांत सांभाळतो, तशी प्रत्येक छोट्या पालिकेची दप्तरंही प्रांताने सांभाळावीत. यंत्रणा कशी चालते हे आपल्याला माहीत आहे. तीस वर्षं आपण ती चालवता आहात.

आता ते गाव मुळात काय होतं याबद्दल.

लिटनला दोन नद्यांचा संगम आहे. फ्रेझर गढूळ, मातकट. थॉम्पसन निळसर-हिरवी, स्वच्छ. दोन्ही पाणी एकमेकांत लगेच मिसळत नाही, बराच पल्ला शेजारी शेजारी वाहतं. आपल्याकडे असा संगम असता तर तिथे घाट आणि देऊळ उभं राहिलं असतं. तिथल्या मूळनिवासी न्लाकाप्मख लोकांनीही ही जागा तशीच मानली. हजारो वर्षांची त्यांची वस्ती. गावाचं त्यांचं नाव कमशीन. कायोटी या कोल्ह्याच्या जातीच्या प्राण्याभोवती त्यांच्या कथा गुंफलेल्या आहेत, आणि कायोटीचा मुलगा वरच्या जगातून परत पृथ्वीवर उतरला तो इथे, असं त्यांची परंपरा सांगते. नदीत सामन मासा येतो, आणि दरीतल्या कोरड्या गरम वाऱ्यात मांडवांवर टांगून तो वाळवला जातो. गावाला होरपळवणारा वारा पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं अन्न टिकवत आला आहे.

१८०८ साली सायमन फ्रेझर इथे पोहोचला तेव्हा त्याचं स्वागतच झालं. १८५८ मध्ये सोनं सापडल्याची बातमी फुटली आणि एका उन्हाळ्यात हजारो माणसांची झुंबड दरीत घुसली. खाणकामगार सशस्त्र टोळ्या करून आले, वस्त्या जाळल्या गेल्या, दोन्ही बाजूंची माणसं मेली. ते युद्ध थांबलं ते लिटनमध्येच. न्लाकाप्मखांचे प्रमुख स्पिंट्लम यांनी आपल्यातल्या लढायला निघालेल्यांना आवरलं आणि खाणकामगारांचा कॅप्टन स्नायडर याच्याशी ऑगस्ट १८५८ मध्ये समझोता केला. दरीत त्या वर्षी आणखी किती रक्त सांडलं असतं याचा अंदाज करवत नाही. त्याच वर्षी गावाला नाव मिळालं ते मात्र वसाहतींचे ब्रिटिश मंत्री एडवर्ड बुलवर-लिटन यांचं. त्यांनी हे गाव कधी पाहिलं नाही. मंत्र्यांना पत्र लिहिताना हे सांगायला हवं असं मला वाटतं: ज्याने गाव वाचवलं त्याचं स्मारक आहे, पण नकाशावर नाव दूरच्या मंत्र्याचं आहे.

मग चिनी माणसं आली. आधी सोन्याच्या वाळूसाठी, नंतर १८८०च्या दशकात कॅनडियन पॅसिफिक रेल्वेसाठी. या दरीतला रेल्वेमार्ग म्हणजे कड्यात सुरुंग लावून काढलेली वाट आहे आणि ते काम करताना किती चिनी मजूर मेले याची धड मोजदादही झाली नाही. रेल्वे पूर्ण झाली त्याच वर्षी, १८८५ मध्ये, कॅनडाने चिनी माणसाच्या डोक्यावर ५० डॉलरचा कर बसवला. लिटनमध्ये त्यांनी १८८१ साली एक देऊळ बांधलं होतं. पुढे ती जागा दुसऱ्याच्या हातात गेली आणि १९२८ मध्ये देऊळ पाडलं गेलं. ती मोकळी जागा लॉर्ना फँड्रिच यांच्या कुटुंबाने १९८० मध्ये घेतली. तिथे देऊळ होतं हे त्यांना कळलं, आणि त्यांनी वर्षानुवर्षं वस्तू, कागद, माहिती जमवून २०१७ मध्ये त्याच जागेवर चिनी इतिहासाचं छोटं संग्रहालय उघडलं. त्या स्वतः चिनी वंशाच्या नाहीत. २०२१च्या आगीत संग्रहालय सोळाशेच्या आसपास वस्तूंसह जळालं. राखेतून मोजक्याच वस्तू हाती आल्या. त्यांनी ते पुन्हा बांधलं आणि २०२५ मध्ये उघडलं. रिकाम्या भूखंडांच्या गावात सगळ्यांसाठी दार उघडणाऱ्या पहिल्या इमारतींपैकी एक ही होती. एका बाईच्या चिकाटीवर हे झालं याचा मला फार आदर वाटतो, आणि सरकारला याची लाज वाटावी असंही वाटतं.

गावाजवळच सेंट जॉर्जेस ही मूळनिवासी मुलांसाठीची निवासी शाळा होती, १९०१ ते १९७९. घरातून उचलून आणलेल्या मुलांची भाषा तिथे मोडली गेली, आणि मुलांवर अत्याचार झाले हे न्यायालयात सिद्ध झालेलं आहे. लिटनची आजची म्हातारी पिढी त्या शाळेतून आलेली आहे. आगीनंतर मोटेलच्या खोल्यांत महिनोन्‌महिने काढताना या माणसांवर काय गुजरलं असेल, याचा विचार आपल्या खात्यातल्या योजनाकारांनी केला पाहिजे. घरापासून दूर नेऊन ठेवणं हा त्यांच्यासाठी पहिला अनुभव नव्हता.

आणि एक पत्र आहे, ज्याच्यापुढे माझं हे पत्र अगदी किरकोळ आहे. २५ ऑगस्ट १९१० रोजी कॅमलूप्समध्ये शुस्वाप, ओकानागन आणि न्लाकाप्मख प्रमुखांनी पंतप्रधान विल्फ्रिड लॉरिए यांना एक निवेदन दिलं. लिहून घ्यायला मदत केली ती जेम्स टाइट यांनी. ते जवळच स्पेन्सेस ब्रिजला राहत आणि त्यांची भाषा बोलत. त्या निवेदनाचा गाभा यजमान आणि पाहुणा हा आहे. आमच्या घरात तुम्ही आलात, आम्ही तुम्हाला पाहुण्यासारखं वागवलं, जे होतं त्यात वाटा दिला. आता घराचे मालक तुम्ही झालात आणि आमच्यासाठी काही उरलं नाही, असं त्यांनी अतिशय सभ्य शब्दांत लिहिलं होतं. पुढच्याच वर्षी लॉरिए निवडणूक हरले आणि ते निवेदन उत्तराविना राहिलं. कॅमलूप्सच्या शाळांत ते आता मुलांना शिकवतात. मी ते इथे आल्यावर वाचलं आणि त्यानंतर मला लिटनकडे वेगळ्या नजरेने पाहता आलं.

कारण वाटा हाच त्या गावाचा धर्म होता. २०१६च्या जनगणनेत लिटनची लोकसंख्या होती २४९. लिटन फर्स्ट नेशन या तिथल्या मूळनिवासी समाजाचे सदस्य सुमारे दोन हजार, शिवाय सिस्का, स्कपा, निकोमेन, कनाका बार अशा शेजारच्या वस्त्या. किराणा, बँक, पोस्ट, औषधाचं दुकान, सेंट बार्थोलोम्यू आरोग्य केंद्र, मुलांचा पोहण्याचा तलाव, उन्हाळ्याच्या शेवटी नदीचा उत्सव, या सगळ्यासाठी हे सगळे लोक त्या दोन-चार रस्त्यांवर यायचे. फ्रेझरच्या पश्चिम काठावर राहणारे तर नदी ओलांडून यायचे आणि अजूनही येतात. तिथली फेरी पाहण्यासारखी आहे: तिला इंजिन नाही, तारेला धरून नदीच्या प्रवाहाच्याच जोरावर ती एका वेळी दोन गाड्या पलीकडे नेते. पूर आला की ती बंद होते आणि माणसं रेल्वेच्या पुलालगतच्या पायवाटेने, हातात पिशव्या घेऊन चालत येतात. अशी माणसं पुलावरून चालत कुठे येतात? दुकानात, दवाखान्यात. घराच्या बांधकाम परवान्यांच्या यादीत ही माणसं कुठेच नसतात, कारण त्यांची घरं हद्दीबाहेर आहेत.

१९८६ मध्ये कोकिहाला महामार्ग सुरू झाला आणि व्हँकुव्हरहून आत जाणारी वाहतूक दरीतून उठून तिकडे गेली. पेट्रोल पंप, खानावळी, मोटेलं अशी वाटसरूंवर जगणारी कमाई आटली. तरी गाव टिकलं, ते आजूबाजूच्या लोकांच्या येण्यावर.

म्हणूनच आज पुनर्बांधणीची चर्चा ‘किती घरांना परवाने दिले’ या आकड्यावर चालते तेव्हा मला वाटतं आपण चुकीच्या टोकाने सुरुवात केली आहे. सत्तरीतली बाई घर बांधेल का, याचं उत्तर विम्यात अर्धंच आहे. उरलेलं अर्धं हे की तिला रक्त तपासायला कुठे जावं लागेल. कॅमलूप्स तिथून दीड तासाहून लांब, हिवाळ्यात त्याहूनही. आमच्या काउंटरवर लिटनची माणसं भेटली की गोळ्यांची पिशवी बाजूला ठेवून आधी एकमेकांना विचारायची: अमका कुठे आहे, तमकीचं भाड्याचं घर कसं आहे, परत जाणार का? आणि परत जाण्याबद्दल बोलताना दुकान आणि दवाखाना हे दोन शब्द दर वेळी यायचे.

हे मी थोडं आधी पाहिलेलं आहे. माझं माहेर लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. त्यानंतर सरकारने आणि देशोदेशीच्या संस्थांनी खरोखर मोठं काम केलं. ५२ गावं नव्या जागी वसवली, भूकंपाला टिकतील अशी घरं दिली. पण आमच्या नातेवाइकांच्या नव्या गावात रुंद रस्ते होते आणि शेजार नव्हता. जुन्या गल्लीत एका दारातून दुसऱ्या दारात बोलणाऱ्या बायका स्वतंत्र प्लॉटवर एकेकट्या झाल्या. देवळासमोरचा पार कुणाच्या नकाशात नव्हता, तो लोकांनी नंतर स्वतः उभा केला. घरांची संख्या तेव्हाही अहवालात होती.

पुरातत्त्वाचा प्रश्न सगळ्यात नाजूक आहे आणि त्यावर स्पष्ट बोलायला हवं. राख उपसताना जमिनीखाली हजारो वर्षांच्या वस्तीच्या खुणा आणि वस्तू निघाल्या. निघणारच होत्या, गाव त्यांच्यावरच बसलं होतं. प्रांताच्या वारसा संवर्धन कायद्यानुसार अशा जागी खोदकाम करायचं तर आधी पुरातत्त्व तपासणी, देखरेख, परवाना. आगीत घर गेलेल्या माणसाला हा उशीर सोसवत नाही आणि त्याचा खर्च पेलवत नाही. त्यातून एक विषारी बोलणं सुरू झालं आहे: हाडं आणि दगडी पाती वाचवायला आमची घरं अडवली. मला ते ऐकवत नाही. ज्यांचे पूर्वज त्या मातीत आहेत त्यांचीही घरं त्याच आगीत गेली आहेत. तपासणी झालीच पाहिजे, नीट झाली पाहिजे, आणि न्लाकाप्मख लोकांच्या देखरेखीखाली झाली पाहिजे. पण वारसा सगळ्यांचा आहे असं कायदा म्हणतो, तर बिल एकट्या जळितग्रस्ताच्या नावावर का निघतं? सामान्य काळात जमिनीचा विकास करून नफा कमावणाऱ्याने खर्च द्यावा हे समजतं. आपत्तीनंतर स्वतःचंच घर परत बांधणारा माणूस विकासक नव्हे. आपत्तीग्रस्त भागातला पुरातत्त्वाचा सगळा खर्च प्रांताने करावा, आणि तोही आधी, मालकाला नंतर परतावा मागायला न लावता. एवढी एक दुरुस्ती केलीत तर दोन शेजाऱ्यांमध्ये उभं राहिलेलं भांडण निम्मं मिटेल.

दुसरी अडचण हद्दीची. आग एकच होती. पण गावाच्या हद्दीतलं जळालेलं घर प्रांताच्या फाइलीत, आणि लगतच्या रिझर्व्हवरचं, म्हणजे फर्स्ट नेशनसाठी राखलेल्या जमिनीवरचं, जळालेलं घर ओटावाच्या केंद्र सरकारच्या फाइलीत. दोन खाती, दोन वेळापत्रकं, दोन प्रकारचे अर्ज. आपल्या सरकारने २०२३ मध्ये आपत्ती व्यवस्थापनाचा नवा कायदा केला, त्यात फर्स्ट नेशन्सना निर्णयात बरोबरीने घेण्याची तरतूद आहे. ती कागदावरून लिटनच्या मातीत उतरवा. आरोग्य केंद्र, किराणा, बँक-पोस्ट आणि एक मोठं सभागृह, ज्यात उन्हाळ्यात थंड हवा आणि धुराच्या दिवसांत स्वच्छ हवा मिळेल, यासाठी ग्रामपालिका, लिटन फर्स्ट नेशन आणि शेजारच्या वस्त्या यांची एकच योजना, एकच निधी, आणि ठरलेली तारीख असावी. नुसती इमारत बांधून देऊन चालणार नाही. दोनशे घरपट्ट्यांवर तलावाचा पगारी रखवालदारसुद्धा परवडत नाही. लोक परत येईपर्यंत, म्हणजे निदान दहा वर्षं, चालवण्याचा खर्च प्रांताने द्यावा.

आणि सल्ला घ्यायचा तर राजधानी व्हिक्टोरियाहून सल्लागार नेण्याआधी कनाका बारच्या लोकांना विचारा. लिटनच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावरची ही छोटी वस्ती. आगीच्या आधीपासून त्यांनी स्वतःच्या पाण्याचा, विजेचा, बदलत्या हवामानाचा अभ्यास सुरू केला होता. क्वोईक ओढ्यावरच्या, २०१४ मध्ये सुरू झालेल्या सुमारे ५० मेगावॅटच्या जलविद्युत प्रकल्पात त्यांची भागीदारी आहे. हे शहाणपण दरीतच आहे.

मागण्या तीनच आहेत आणि तिन्ही आपल्या अखत्यारीतल्या किंवा आपण मंत्रिमंडळासमोर नेऊ शकाल अशा आहेत: सामायिक सेवांची एकत्र योजना आणि तिचा चालू खर्च, पुरातत्त्वाचं बिल प्रांताकडे, आणि प्रत्येक छोट्या पालिकेच्या दप्तराची प्रांताने ठेवलेली सुरक्षित प्रत. तिसरी तर येत्या वणव्याच्या हंगामाआधी होऊ शकते, कारण ती फक्त लिटनची नाही. क्लिंटन, लिलूएट, ॲशक्रॉफ्ट, कॅश क्रीक इथल्या पालिकांनाही तोच धोका आहे.

आपलं उत्तर आलं की हे पत्र जिथे छापलं आहे तिथेच मी ते मराठीत देईन. आणि आपण लिटनला जाणार असाल, तर कॅमेऱ्यांशिवाय, आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी जा. पश्चिम काठावरून फेरीने गावात या, आणि येणाऱ्या माणसांना विचारा की ती आज कशासाठी निघाली आहेत.

आपली,
कॅमलूप्समधली एक फार्मासिस्ट